गणपतीच्या आधी स्प्रे मारला आणि लॅकर पांढरं पडलं: दरवर्षीच्या या सफेदीचं काय करायचं

आषाढ सरत आला की ठाण्यात, आणि खाडीपलीकडे ऐरोली-कोपरखैरणेला सुद्धा, ज्याच्या घरी लाकडाचं काही काम निघालंय त्याची एकच तक्रार असते. देव्हारा, चौरंग, गौरी बसवायचं टेबल, झालंच तर हॉलमधलं टीव्हीचं युनिट, सगळं गणपतीच्या आधी चकाचक व्हायला पाहिजे म्हणून गन काढली, क्लिअर लॅकर (लाकडावर मारायचा पारदर्शक माल) भरलं, मारलं, मारताना तर असं झकास ओलं दिसत होतं की सागाची रेष न रेष उठून आली, आणि पाच-दहा मिनिटांत त्यावर दुधट पडदा चढला. मग माणूस दुकानात जाऊन भांडतो, दुसरा डबा आणतो, परत मारतो, परत पांढरं. गंमत म्हणजे मार्चमध्ये त्याच कंपनीच्या डब्यातून, त्याच गनने मारलेलं कपाट आजही स्वच्छ आहे.

तर पहिल्यांदा डब्यावरचा राग सोडा. डुप्लिकेट माल मिळतच नाही असं मी म्हणणार नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या भागात लॅकर पांढरं पडलं तर आधी हवेकडे बघायचं, मग थिनरकडे (लॅकर पातळ करायचा द्रव), मग कॉम्प्रेसरकडे, आणि डब्याकडे सगळ्यात शेवटी. लोक नेमका उलटा क्रम लावतात म्हणून हा प्रॉब्लेम दरवर्षी येतो आणि दरवर्षी तसाच राहतो.

होतं काय, की थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. हातावर थिनर सांडला की गार वाटतं ना, तेच. जितका पटकन उडणारा थिनर तितकं लाकूड वरून जास्त गार. आता हवेत बाष्प किती आहे त्यावरून एक तापमान ठरतं, दवबिंदू, त्याच्या खाली एखादी वस्तू गेली की तिच्यावर पाणी जमायला लागतं. ३० डिग्री तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल, म्हणजे आपल्याकडची हिवाळ्यातली एखादी कोरडी दुपार धरा, तर दवबिंदू येतो साडेअठराच्या आसपास. लाकूड अकरा-साडेअकरा डिग्रीने गार झालं तर कुठे दव पडणार. तेच ३० डिग्री आणि ८५ टक्के, म्हणजे पावसाळ्यातला कुठलाही साधा दिवस, की दवबिंदू थेट २७ च्या वर. तीन डिग्री खाली आलं की खेळ खलास, आणि तीन डिग्री खाली न्यायला लॅकर थिनरला काही कष्ट पडत नाहीत. हे जमलेलं पाणी लॅकरच्या ओल्या फिल्ममध्ये म्हणजे थरात शिरतं, त्यातल्या नायट्रोसेल्युलोजचं आणि पाण्याचं पटत नाही, मग विरघळलेलं रेझिन त्या जागी बारीक बारीक कण होऊन बाहेर पडतं, त्या कणांवर उजेड विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. याला ब्लशिंग म्हणतात, गाळ्यावरचे लोक सरळ सफेदी म्हणतात. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरला जास्त होते, मेलामाइन पॉलिशलाही होते, चपडा म्हणजे स्पिरिटमधली लाखेची पॉलिश तीही यातून सुटत नाही.

दवबिंदू काढायला महागडं मीटर लागत नाही. स्टीलचा पेला घ्या, बाहेरून कोरडा पुसून, त्यात साधं पाणी अर्ध्यापर्यंत, थर्मामीटर बुडवा (ताप मोजायचा नाही, तो ३५ च्या खाली वाचतच नाही, स्वयंपाकाचा किंवा फिशटँकचा चालेल), आणि बर्फाचा एकेक तुकडा टाकत हळूहळू ढवळत राहा. ज्या आकड्याला पेल्याच्या बाहेरच्या अंगावर पहिली धुकट पट्टी दिसेल तो तुमचा आजचा, त्या खोलीतला दवबिंदू. बोट फिरवून बघा, ओलं लागलं की नक्की. जुलैत एखाद्या ओल्या दुपारी करून बघा, कित्येकदा पहिला तुकडा पुरता विरघळायच्या आतच पेला घामेजतो, तेव्हाच समजायचं की आज लॅकर नाही. लोखंडाचं पेंटिंग करणारे लोक पृष्ठभाग दवबिंदूच्या निदान ३ डिग्री वर असला पाहिजे असा नियम पाळतात, पण लॅकर स्वतःच लाकूड गार करतं म्हणून मी आपला ७-८ डिग्रीचा फरक नसेल तर रिटार्डर, म्हणजे हळू उडणारा थिनर, घातल्याशिवाय गन हातात घेत नाही. साधा आर्द्रता दाखवणारा घड्याळवजा मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तोही ठेवा, ७० टक्क्यांच्या वर काटा असेल तर रिटार्डरशिवाय मारायचं नाही आणि ८५ च्या वर असेल तर अजिबातच मारायचं नाही, एवढं साधं गणित भिंतीवर लिहून ठेवलं तरी अर्धा प्रॉब्लेम तिथेच मिटतो.

पण थांबा. पांढरं म्हणजे प्रत्येक वेळी ब्लशिंगच असं नाही, आणि इथेच लोक फसतात. मागे घोडबंदरला कासारवडवलीच्या एका सोसायटीत ओळखीच्या एका काकांनी बोलावलं, रिटायर झाल्यावर हौसेने लाकूडकाम करतात, साग व्हिनियरची चार शटर, म्हणजे कपाटाची दारं, त्यांनी गॅलरीत ग्रिलला टेकवून ठेवली होती आणि चारही पांढरी. काका तापलेलेच होते. "अरे, डब्यातच खोट आहे बघ, मी काय आज मारतोय का लॅकर?" मी म्हटलं काका, दोन मिनिटं थांबा, आणि कापसाच्या काडीला थिनर लावून पहिल्या शटरच्या कोपऱ्यात नुसता टेकवला. टेकवला तिथे पांढरं गेलं, खालचा तपकिरी रंग दिसला, आणि मिनिटभरात काठाकडून परत धुकट व्हायला लागलं. हे अस्सल ब्लशिंग, वरच्या फिल्ममधलं. दुसऱ्या शटरलाही तेच. तिसऱ्यावर थिनर लावला तर वरची फिल्म नरम झाली पण पांढरं होतं तिथेच, रेषांच्या खोबणीत भरून बसलेलं. नखाने खरवडलं तर पांढरी पावडर आली. हा सीलर, म्हणजे लॅकरच्या आधी मारायचा तळाचा थर. सँडिंग सीलरमध्ये घासायला सोपं जावं म्हणून झिंक स्टिअरेट घालतात, तो तळाला बसतो, डबा न ढवळता वरवरचं वापरलं की सुरुवातीचा माल पातळ आणि शेवटचा घट्ट दुधट, आणि जाड हात (थर) मारून नीट घासला नाही की डार्क लाकडावर तो पांढरा दिसणारच, पावसाळा असो की उन्हाळा. काकांनी डब्याचा तळ या तिसऱ्या शटरवर संपवला होता. चौथं तर वेगळंच निघालं, हात फिरवला तर खरखरीत, बारीक पॉलिश पेपरवर हात फिरवल्यागत. ते ड्राय स्प्रे, म्हणजे गन लांब धरली, गॅलरीतला वारा अंगावर, माल हवेतच अर्धा वाळून शटरवर धूळ होऊन बसला. एकाच गॅलरीत, एकाच दिवशी, तीन वेगवेगळे रोग, आणि तिघांना औषध वेगळं.

अजून एक पांढरं असतं ते लाकडातूनच येतं. पावसाळ्यात जिन्याखाली किंवा उघड्या टेम्पोतून आणलेलं लाकूड आतून ओलं असतं, वरून सुकं वाटतं, त्यावर फिल्म बसली की आतला ओलावा वर यायला बघतो आणि फिल्मच्या खाली अडकतो. यात थिनर लावून काही होत नाही, पांढरे ढग फिल्मच्या खाली दिसतात, बहुतेक कडेला आणि जोडाजवळ, कारण लाकूड शेंड्याकडून पाणी जास्त पितं. मॉइश्चर मीटर असेल तर १२ टक्क्यांच्या आसपास आकडा पाहिजे. १६-१८ दाखवत असेल तर फिनिशचा विषयच काढू नका, आधी लाकूड घरात खाली पट्ट्या लावून, चारही बाजूंनी हवा लागेल असं ठेवा.

आता जे आधीच पांढरं पडलंय त्याचं.

पहिली गोष्ट, वरून अजून एक हात मारून पांढरं झाकायला जाऊ नका. सगळे हेच करतात. ओलावा आत कोंडला जातो आणि जे नुसतं वरवरचं होतं ते कायमचं होतं. लगेच पॉलिश पेपरही मारू नका. हलकं ब्लशिंग असेल तर शटर आत घ्या, कोरड्या खोलीत ठेवा, ऊन पडलं तर कित्येकदा ते आपोआप निवळतं. नाही निवळलं तर कोरडा दिवस बघून, दुपारी, गनमध्ये फक्त रिटार्डर भरा, किंवा निम्मा रिटार्डर निम्मा लॅकर थिनर, प्रेशर कमी, माल कमी, आणि नेहमीपेक्षा थोडं लांबून एक अगदी पुसटसा फवारा मारून सोडून द्या. ओलं चिक्क करायचं नाही. रिटार्डर वरची फिल्म परत मऊ करतो, तिला उघडी ठेवतो, आत अडकलेलं पाणी निघून जातं आणि फिल्म परत पारदर्शक होऊन बसते. बघताना जादू वाटते, कडेकडून पांढरं विरत जातं. एका फवाऱ्यात नाही गेलं तर वीस-पंचवीस मिनिटांनी दुसरा. आडवं ठेवून केलं तर ओघळाची भीती कमी.

हा इलाज फक्त एनसी लॅकरला आणि अशाच थिनरमध्ये परत विरघळणाऱ्या मालाला. मेलामाइन हार्डनर घालून मारतात, ॲसिडने पक्कं होतं, एकदा पकडलं की थिनरने विरघळत नाही. तिथे पूर्ण वाळू द्या, ३२० किंवा ४०० च्या पेपरने पांढरा थर जाईपर्यंत घासा आणि चांगल्या दिवशी नव्याने हात मारा. सीलर पांढरा असेल तर तेच, घासूनच काढायचा, रेषांत फार भरला असेल तर थिनरने भिजवून पितळी ब्रशने. काकांच्या तिसऱ्या शटरला अख्खी दुपार गेली आणि चौथं मात्र पाच मिनिटांत घासून मोकळं झालं.

पुढच्या वेळी होऊ नये म्हणून सगळ्यात आधी थिनर बदला. स्वस्त जनरल पर्पज थिनरमध्ये पटकन उडणारा माल जास्त असतो. ॲसिटोन ५६ डिग्रीला उकळतं, टोल्युइन ११० ला, ब्यूटाइल ॲसिटेट १२६ ला आणि ब्यूटाइल सेलोसॉल्व्ह १७१ ला, यावरून कोण किती घाईत उडतो ते लक्षात येईल. रिटार्डर म्हणून दुकानात जे मिळतं ते बहुतेक या शेवटच्याच जातीचं, कुठे अँटी-ब्लश थिनर म्हणतात, कुठे स्लो थिनर. एक लिटर थिनरला ५० ते १०० मिलीपर्यंत घाला, तेवढ्याने काम होतं. आवडलं म्हणून पाव लिटर ओतू नका, फिल्म दोन-दोन दिवस मऊ राहते, उभ्या शटरवर ओघळ येतात आणि वरून कागद ठेवला तर त्याचा ठसा उठतो. आणि हे नीट लक्षात ठेवा, ब्यूटाइल सेलोसॉल्व्ह पीयूमध्ये (पॉलीयुरेथेन, हार्डनर घालून मारायचा दुसरा माल) चुकूनही घालायचं नाही, ते जातीने अल्कोहोल आहे, पीयूचा हार्डनर त्याच्याशीच रिॲक्ट होऊन बसतो आणि फिल्म कधी धड पक्की होतच नाही. लॅकर थिनर पीयूत चालत नाही त्याचंही हेच कारण. पीयूला पीयूचाच थिनर.

दुसरं, गन. प्रेशर जास्त ठेवलं की थेंब बारीक होतात, हवेत जातानाच थिनर उडतो, माल पोचतो तो आधीच गारठलेला. साध्या कन्व्हेन्शनल गनला ३० पीएसआयपासून सुरुवात करा, फवारा फुटायला लागला तरच वाढवा. नोझल क्लिअरला १.३ किंवा १.४ एमएम. माल फोर्ड कप नंबर ४ मधून (पातळपणा मोजायचा, बुडाला भोक असलेला कप) १८ ते २२ सेकंदात उतरेल इतपत, कप नसेल तर आणा, डोळ्याने पातळपणा ठरवायचा हा पिढीजात उद्योग पावसाळ्यात अंगाशी येतो. अंतर एक वीत, सहा ते आठ इंच, आणि हात मनगटातून न फिरवता खांद्यातून सरळ न्यायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. पातळ हात मारा, जाड हातात थिनर खूप अडकतो आणि उडताना तितकाच वेळ लाकूड गार ठेवतो. चार पातळ हात दोन जाड हातांपेक्षा कधीही बरे, मध्ये अर्धा-पाऊण तास.

ऑनलाइन मिळणाऱ्या हातातल्या इलेक्ट्रिक स्प्रे गन, त्या ब्लोअरवाल्या, त्यांच्याबद्दलही विचारतात. त्यांचा एक फायदा आहे, मोटर हवा थोडी गरम करते आणि हवा दाबून टाकीत साठवत नाही, त्यामुळे हवेतून पाणी येण्याचा प्रश्न जवळजवळ नाही. तोटा असा की गरम हवेने माल लवकर वाळतो, म्हणून ड्राय स्प्रे जास्त, आणि फवारा जरा जाडा. घरच्या एखाद्या टेबलाला चालून जातं. फक्त मोटर गनमध्येच असते, ठिणगीचा धोका थिनरच्या वाफेजवळ, तेव्हा थिनरवाला माल त्या गनने मारायचाय का हे आधी तिच्या पुस्तिकेत बघा, बऱ्याच गनवर ज्वलनशील मालाला साफ नाही लिहिलेलं असतं.

तिसरं, कॉम्प्रेसर, आणि याच्यावर कुणीच लक्ष देत नाही. ३० डिग्रीला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. ८५ टक्क्यांना धरा २५. मिनिटाला १०० लिटर हवा ओढणारा छोटा कॉम्प्रेसर तासभर चालला तर सहा घनमीटर हवा, म्हणजे दीडशे ग्रॅम पाणी आत गेलं, आणि हवा दाबल्यावर त्यातलं बरंचसं टाकीत पाणी होऊन साचतं. आमच्या वागळे इस्टेटच्या गाळ्यात सकाळी टाकीच्या बुडाचा कॉक उघडला की आधी फसकन हवा, मग गंजाचं लाल पाणी, ते फरशीवर पसरत जातं आणि पोरं उड्या मारत बाजूला होतात. पावसाळ्यात हा कॉक रोज, आणि दिवसभर काम असेल तर दुपारी पण, उघडायचा. उघडला नाही तर ते पाणी कुठे जाणार, पाइपमधून गनमध्ये आणि गनमधून देव्हाऱ्यावर.

वॉटर सेपरेटर लावलाय तरी पाणी येतं अशी ओरड असते, ते बहुतेक तो कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच लावल्यामुळे. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपात सरळ सेपरेटरमधून निघून जातं आणि पुढे पाइपमध्ये गार झाल्यावर थेंब होतात. सेपरेटर पाइपच्या दुसऱ्या टोकाला, गनच्या जवळ, हवा थंड झाल्यावर लावायचा. तपासायचं असेल तर गनमध्ये माल न भरता नुसती हवा एका आरशावर मिनिटभर मारा. थेंब, ओल, तेलाचा ओघळ, जे असेल ते दिसेल. तेल दिसलं तर कॉम्प्रेसरची रिंग गेली असेल, तो खर्च वेगळा.

चौथं, वेळ आणि जागा. पाऊस थांबून कडक ऊन पडलं की लोकांना हुरूप येतो आणि लगेच गन घेतात. तेव्हा खाली रस्त्यावरून, गच्चीवरून वाफ उठत असते, आर्द्रता उलट चढलेली असते. तास-दोन तास जाऊ द्या. दिवसात सगळ्यात कमी आर्द्रता साधारण दुपारी, १२ ते ३ च्या मध्ये मिळते, कारण तापमान चढलेलं असतं. संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर गॅलरीत मारायला घेऊ नका, काळोख पडता पडता हवा गार होते आणि सगळं दव फर्निचरवर.

एसीबद्दल दोन गोष्टी. लाकूड आदल्या रात्रीपासून एसीच्या खोलीत ठेवलं तर कोरडं राहतं हे खरं, पण गार लाकूड थेट बाहेर आणून स्प्रे मारला तर काही न मारताच त्यावर पाणी जमतं. तासभर बंद खोलीत, एसी बंद करून, नेहमीच्या तापमानाला येऊ द्या. आणि एसी चालू ठेवून त्याच खोलीत लॅकर मारणं हा तर आत्महत्येचा प्रकार आहे, वाफ बाहेर जातच नाही, तीच तीच खोलीत फिरत राहते. पंखा? लॅकरवर थेट पंखा मारला की थिनर आणखी जोरात उडतो, लाकूड आणखी गार, सफेदी आणखी जास्त, वर धूळ फुकट. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाची धूळ खिडकीतून आत येते त्यांना वेगळं सांगायला नको. हवा खेळती पाहिजे पण फर्निचरवर वारा नको.

लाकूड थोडं उबदार करून घेता आलं तर फारच चांगलं. हॅलोजन किंवा हेअर ड्रायरने शटर हाताला किंचित कोमट लागेल इतकं गरम करा, मग ते यंत्र बंद करून, प्लग काढून खोलीच्या बाहेर नेऊन ठेवा, आणि मगच माल उघडा. तसंच लॅकरचा डबा झाकण सैल करून कोमट पाण्याच्या बादलीत ठेवला तर माल आपोआप पातळ होतो, थिनर कमी लागतो. बादली म्हणतोय मी, गॅस नाही. गॅसवर पातेल्यात डबा ठेवणारे महाभाग मी पाहिलेत.

मग पीयू मारला तर कटकट संपेल का, असं पुष्कळ जण विचारतात. पांढरं पडण्याची कमी होते, पण दुसरी चालू होते. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते पाण्याशी रिॲक्ट झालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, मग फिल्ममध्ये सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, वाळल्यावर पिनहोल. पाणी हवेतून आलं, पाइपमधून आलं की ओल्या लाकडातून, त्याला फरक पडत नाही. उरलेला हार्डनर झाकण घट्ट न लावता ठेवला तर पावसाळ्यात तो डब्यातच दुधट होतो, कधी तर दगड. असा दुधट हार्डनर वापरायचाच नाही. आणि प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं तेच, वजनाने की मापाने तेही बघून, अंदाजपंचे नाही.

वॉटर बेस पीयूचं सगळंच उलटं. तो मारताना पांढरा दिसतो आणि वाळताना पारदर्शक होतो, त्यामुळे ज्यांनी पहिल्यांदा वापरला ते घाबरून पुसून टाकतात. ८५ टक्के आर्द्रतेत पाणी उडायला जागाच नसते, म्हणून तो तासन्‌तास दुधट राहतो. इथे हलका वारा उपयोगी पडतो, जो लॅकरला चालत नाही. पातळ हात मारा, मध्ये नेहमीपेक्षा दुप्पट वेळ द्या. दोन हात घाईत एकावर एक मारले तर खालचं पाणी अडकून ती सफेदी खरोखर राहते. फ्लॅटमध्ये मारायचं असेल तर माझं मत विचाराल तर वॉटर बेसच, वास कमी, आगीची भीती कमी, शेजारच्या वहिनी बेल वाजवत नाहीत.

बाकीचे रोग पटकन. संत्र्याच्या सालीगत खडबडीत फिल्म आली तर माल घट्ट आहे किंवा प्रेशर कमी. ओघळ आले तर गन एका जागी रेंगाळतेय किंवा माल फार पातळ. मध्येच गोल गोल खड्डे, माल मागे सरकल्यासारखा, तर ते फिशआय, कारण सिलिकॉन, म्हणजे गाडीचा डॅशबोर्ड पॉलिश, फर्निचर चमकवायचे स्प्रे, खिडकीचा सिलिकॉन सीलंट, यातलं काहीतरी कधीतरी त्या लाकडाला किंवा तुमच्या पुसायच्या फडक्याला लागलेलं आहे. पेपर मारून ते जात नाही, उलट पसरतं. आधी एमटीओने, म्हणजे मिनरल टर्पेंटाइनने, स्वच्छ फडकी बदलत बदलत पुसा, मगच पेपर.

मास्क कापडी किंवा हिरवा सर्जिकल नको, तो वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज असलेला पाहिजे. हार्डनरवाला पीयू तर घरात स्प्रेने मारूच नका, आयसोसायनेटला वास फारसा येत नाही पण एकदा दम्याची ॲलर्जी लागली की ती थोड्याशा संपर्कानेही परत उठते, वर्कशॉपमध्ये बाहेरून हवा देणारा मास्क लावून करायचं काम आहे ते. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत स्वयंपाकघरापर्यंत जाते. श्रावणात घरोघरी समई, निरांजन, उदबत्ती चालू असते, तेव्हा ज्या दिवशी स्प्रे त्या दिवशी घरात कुठेही ज्योत नाही, गॅस नाही, फ्रीजचं बटण बंद, आणि आजींना हे आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर त्या ऐनवेळी ऐकणार नाहीत.

आणि गणपतीला आठ दिवस उरलेत, बाहेर धो धो पाऊस, पेल्याची टेस्ट घेतली तर फरक जेमतेम दोन डिग्री, अशा वेळी वरचा क्लिअर हात मारायचाच नाही. देव्हारा असो की चौरंग, एखादी त्यातल्या त्यात कोरडी दुपार बघून रिटार्डर घालून सीलरचा एक पातळ हात, ३२० ने हलका घासून, तेवढ्यावर सण काढायचा. दिसायला मॅट दिसेल, पण स्वच्छ दिसेल. वरचे दोन-तीन हात दसरा झाल्यावर, ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की. मधल्या काळात त्यावर तेलाचे थेंब, तूप, कुंकू पडणारच, म्हणून वरचा हात मारण्याआधी एमटीओने पुसून परत ३२० फिरवा, नाहीतर तेलाच्या जागी माल धरणार नाही. आणि पूजेच्या दिवसांत चौरंगावर कापड अंथरूनच ठेवा, हळद एकटा सीलर अडवत नाही, तिचा डाग लाकडात उतरला की पेपरनेही जात नाही.